पहिल्या पावसात फेरी मारणारा मिस्त्री

गुढीपाडव्याच्या सुमारास नारायणगावात तमाशा फडांच्या राहुट्या उभ्या राहतात. गावोगावच्या जत्रा तोंडावर आलेल्या असतात आणि यात्रा कमिट्यांची माणसं सुपारी द्यायला तिथे येतात. बोलणी रकमेपासून सुरू होत नाहीत. आधी बसणं होतं, चहा होतो, कोणत्या गावचे, कोणाचे पाहुणे हे निघतं, मागच्या खेपेला खेळ कसा झाला याची उजळणी होते आणि मग आकड्याची गोष्ट निघते. तमाशा कलावंत विठाबाई नारायणगावकरांच्या या गावातला हा रिवाज जुना आहे आणि अजून टिकून आहे.

त्याच दिवसांत जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतल्या कितीतरी ओसऱ्यांवर घराच्या कामाची बोलणी चाललेली असतात. द्राक्षाचा हंगाम उरकत आलेला, उसाचं बिल हाती पडलेलं, पाऊस दोन-अडीच महिन्यांवर. गेल्या पावसाळ्यात गळलेला स्लॅब, फुगलेला गिलावा, आईच्या गुडघ्यांना न झेपणारा संडास, मोडकळीला आलेला ओटा ही सगळी कामं याच खिडकीत बसवायची असतात. मालक दोघा-तिघांना बोलावतो. दर थोडेफार इकडेतिकडे असतात. काम मात्र अनेकदा सर्वांत कमी दर सांगणाऱ्याला मिळत नाही. ते कोणाला मिळतं आणि का, हे घरदुरुस्तीच्या धंद्यात नव्याने उतरणाऱ्या प्रत्येक मिस्त्रीने आणि ठेकेदाराने नीट समजून घेण्यासारखं आहे.

या मुलखात कारागिरावर विश्वास टाकण्याची परंपरा लिखित आहे. जुन्नरच्या लेण्यांतल्या सुमारे १,८०० वर्षांपूर्वीच्या ब्राह्मी शिलालेखांत बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि काशाची भांडी घडवणाऱ्यांच्या श्रेणींचा उल्लेख येतो. लेण्यांसाठी दिलेल्या दानाची ठेव दात्यांनी या कारागिरांच्या संघांकडे सोपवली होती. पुढे गावगाड्यात सुतार-लोहारांशी नातं बलुत्याचं झालं. त्रिंबक नारायण आत्र्यांच्या १९१५ सालच्या ‘गाव-गाडा’त ते बारकाईने नोंदलेलं आहे. सुतार वर्षभर औतं दुरुस्त करी आणि खळ्यावर धान्याचा वाटा नेई. आज सगळा व्यवहार रोखीचा झाला. पण गिऱ्हाइकाच्या मनातली अपेक्षा अजून तीच आहे. हाक मारली की येणारा माणूस त्याला हवा असतो. एकदा काम करून नाहीसा होणारा नको असतो. ठेकेदाराला काम मिळवून देणारा घरोबा याच अपेक्षेवर उभा असतो. गोड बोलण्याने तो एक दिवस टिकेल. पहिल्या भेटीत घराकडे पाहण्याची रीत, कागदावर स्वच्छ लिहिलेला हिशेब आणि पैसे मिळाल्यानंतरही उंबऱ्याशी ठेवलेला संबंध या तीन गोष्टींनी तो वर्षानुवर्षं टिकतो.

पहिली भेट सर्वांत महत्त्वाची. तिथेच बहुतेक कामं मिळतात किंवा जातात.

घरात शिरल्याबरोबर टेप काढून मोजायला लागणारा ठेकेदार चुकतो. माप घ्यायचंच आहे, पण आधी ऐकायचं असतं. ‘काका, ओल कधीपासून दिसतेय? पहिल्या पावसात येते की पाऊस लागून राहिल्यावर? उन्हाळ्यात सुकते का?’ असे चार प्रश्न विचारले की मालक स्वतः भिंतीजवळ जाऊन दाखवू लागतो. त्या उत्तरांत निम्मं निदान असतं. पहिल्याच सरीला पाणी आलं, तर बहुधा स्लॅबला किंवा पॅरापेटच्या सांध्याला चीर आहे. दोन दिवसांनी आलं, तर पाणी कुठेतरी साचून झिरपतंय. बाराही महिने ओल असेल, तर संशय पाइपावर किंवा मोरीवर. आणि ओल जोत्यापासून दोन-तीन फुटांपर्यंतच चढून पांढरा लोणा धरत असेल, तर पाणी जमिनीतून वर येतंय. गच्चीवर कितीही वॉटरप्रूफिंग केलं तरी ती भिंत सुकणार नाही.

मग हात लावायचा. बोटाच्या पेराने गिलावा ठोकत जायचं. जिथे आवाज पोकळ येतो तिथे गिलाव्याने भिंत सोडलेली असते. खडूने त्या जागेभोवती रेघ मारायची. मालकाच्या डोळ्यांसमोर भिंतीवर तो नकाशा उमटत गेला की किती गिलावा काढायचा यावर पुढे वाद उरत नाही. शंका असेल तर एक साधी चाचणी आहे. फूटभर लांबी-रुंदीचा प्लास्टिकचा जाड कागद ओल्या जागेवर चारी कडांना चिकटपट्टीने घट्ट बसवायचा आणि दोन दिवस तसाच ठेवायचा. कागदाच्या आतल्या अंगाला थेंब जमले तर पाणी भिंतीतून येतंय. बाहेरच्या अंगाला जमले तर ती खोलीतल्या हवेची वाफ आहे, आणि तिथे खिडकी किंवा झरोका हवा, रंग नको. गच्चीसाठी पाणी अडवून बघायचं. पन्हळी बुजवून दीड-दोन इंच पाणी एक-दोन दिवस ठेवलं की गळतीची जागा खालून दिसते. या चाचण्यांना खर्च नसल्यात जमा आहे. पण ‘रंग नंतर, आधी पाणी कुठून येतंय ते बघू’ असं म्हणून जो माणूस दोन दिवसांनी कागद बघायला परत येतो, त्याच्या दराकडे मालक वेगळ्या नजरेने पाहतो.

या दोन तालुक्यांत तर नुसतं निदान पुरत नाही, गाव कुठल्या अंगाला आहे हे लक्षात ठेवावं लागतं. पश्चिमेला भीमाशंकर, आहुपे, नाणेघाट, आंबे-हातवीज या पट्ट्यात पाऊस आडवा झोडपतो. झड लागणारी भिंत कोणती हे घरातल्या म्हाताऱ्या माणसाला नेमकं ठाऊक असतं. तिथे छज्जा वाढवणं, पत्र्याची पुढची वळचण लांबवणं, त्या एका भिंतीला बाहेरून दुहेरी गिलावा देणं हे खरं काम. पूर्वेला आणे पठार, बेल्हे, लोणी-धामणी या बाजूला पाऊस कमी आणि ऊन कडक. तिथे स्लॅब तापतो, रात्री घरात झोपवत नाही, आणि उन्हाने ताणून गच्चीला बारीक चिरा पडतात. मंचरच्या ठेकेदाराने आहुपेच्या घराला लोणीच्या घराचंच अंदाजपत्रक दिलं, तर ‘याला आमच्याकडचा पाऊस माहीत नाही’ हे मालक तोंडावर बोलणार नाही. दुसऱ्याला काम देईल.

डोंगरउताराच्या गावांत आणखी एक जबाबदारी आहे. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातल्या माळीणवर दरड कोसळली आणि १५१ माणसं गेली. पुनर्वसित गावाचं लोकार्पण एप्रिल २०१७ मध्ये झालं आणि त्याच वर्षीच्या पहिल्या मोठ्या पावसात तिथे भराव आणि रस्ते खचल्याच्या तक्रारी आल्या. या परिसरात घराच्या मागे डोंगर कापून आणि पुढे भराव टाकून जागा केलेली असेल, तर वाढीव खोलीची गोष्ट निघण्याआधी डोंगराचं पाणी कुठून जातं ते बघायलाच हवं. मागच्या बाजूला चर आहे का, भरावाला आधाराची भिंत आहे का, जोत्याला चीर गेली आहे का. ज्याने हे न विचारता पायाची खोली सांगितली, त्याने जीवाशी खेळणारं आश्वासन दिलं.

पहिल्या भेटीत कोणाशी बोलायचं, हाही प्रश्न आहे. पैसे देणारा पुरुष, म्हणून त्याच्याशीच बोलून निघायची सवय पुष्कळांना आहे. स्वयंपाकघराचं काम असेल तर ही सवय काम घालवते. ओटा साधारण ३२ ते ३४ इंच उंचीचा करतात. पण पाच फूट उंचीच्या बाईला तो चढा पडतो आणि उंच बाईला वाकावं लागतं. ‘वहिनी, जरा इथे उभ्या राहून पोळी लाटल्यासारखं करा’ असं म्हणून कोपराखालची उंची मोजली, मिक्सरचा प्लग आणि गॅस कुठे हवा, पाण्याचा पिंप कुठे राहणार, भांडी घासायची मोरी बाहेर हवी की आत, हे विचारलं, की त्या घरात ठेकेदाराची बाजू मांडणारं माणूस तयार होतं. सासूला वेगळं विचारावं. तिला संडासात धरायला दांडी हवी असते, पायरी कमी हवी असते, आणि ते ती मुलाला सांगायला संकोचते.

जुन्नर-आंबेगावात बिबट्याचा विषय टाळून घराची चर्चा पुरी होत नाही. उसाच्या पट्ट्यात बिबटे मुक्कामाला आहेत; जखमी आणि पकडलेल्या बिबट्यांसाठी माणिकडोहला निवारा केंद्रच आहे. अंधार पडल्यावर अंगणाच्या टोकाच्या संडासात जायला बायका आणि मुलं धास्तावतात. मळ्यातल्या घराचं काम घेताना ‘संडास घराला जोडून घेऊ, मागच्या दाराशी दिवा देऊ, शेळ्यांच्या गोठ्याला वरूनही जाळी मारू’ हे ठेकेदाराने आपणहून सुचवावं. शेळ्यांच्या गोठ्याला नुसती उंच भिंत पुरत नाही, छत आणि घट्ट कडीचं दार लागतं. हे सुचवण्यात कामाची रक्कम वाढते हे खरं, पण घरच्या भीतीची दखल घेतली गेली हे त्याहून आधी पोहोचतं.

केरळमध्ये तिरुवनंतपुरमला स्थायिक झालेले वास्तुरचनाकार लॉरी बेकर (१९१७–२००७) याच पद्धतीने काम करत. घरात कोण राहणार, कसं राहणार हे मालकाकडून समजून घ्यायचं, जागेवर स्वतः जायचं, गवंड्यांबरोबर उभं राहून तिथल्या तिथे निर्णय घ्यायचे आणि रद्दी कागदावर, पाकिटाच्या मागे आकृती काढून दाखवायच्या. कमी खर्चाची, टिकाऊ घरं म्हणून त्यांचं नाव झालं आणि एका घरातून दुसऱ्या घरी ते काम पोहोचत गेलं. गवंडीकामातल्या तरुणांनी त्यांच्याकडून घ्यावं ते हेच: पाठकोऱ्या कागदावर मालकासमोर काढलेली साधी आकृती. मोबाइलवरची चकचकीत चित्रं दाखवली की मालक ‘छान आहे’ म्हणतो. पेन्सिलीने काढलेल्या आकृतीवर तो बोट ठेवून ‘हे दार इकडे घ्या’ म्हणतो.

आता कागदाची गोष्ट. इथेच चांगला घरोबा धुळीला मिळतो.

‘आपल्यात काय लिहायचं? होऊन जाईल’ हे वाक्य या धंद्यात रोज ऐकू येतं आणि निम्मी भांडणं त्याच वाक्यातून निघतात. ओळख जितकी जवळची, तितका कागद स्वच्छ हवा. आधी एक ठरवायचं: काम मजुरीवर की मालासकट अंगावर. मजुरीवर असेल तर सेंटरिंगच्या प्लेटा, परांचीचे बांबू, मिक्सर, पाणी आणि वीज कोणाची? अंगावर असेल तर सिमेंट कोणत्या कंपनीचं, वाळू नदीची की क्रश सँड, स्टील किती मिलीमीटरचं? ब्रास म्हटलं तर ते १०० घनफूट की फरशीच्या हिशेबातले १०० चौरस फूट, हेही नव्या मालकाला समजावून सांगावं लागतं. स्लॅबचं माप छज्ज्यासकट की छज्जा निम्म्याने? गिलाव्याच्या मापातून दारं-खिडक्या वजा करायच्या की नाहीत? भारतीय मानकात याचा नियम आहे. अर्ध्या चौरस मीटरपर्यंतच्या लहान उघड्या जागा वजा करत नाहीत. त्याहून मोठी, पण तीन चौरस मीटरपर्यंतची जागा भिंतीच्या एकाच बाजूला वजा होते. गावाकडची रीत वेगळी असू शकते. जी काही असेल ती कामाआधी दोन ओळींत लिहावी. काम संपल्यावर ती सांगितली, तर खरी असूनही फसवणुकीसारखी वाटते.

अंदाजपत्रकात एक रकाना ‘यात धरलेलं नाही’ असाही ठेवावा. जुना राडारोडा उचलणं, मीटरची जागा बदलणं, नळाचा जुना पाइप सडका निघाला तर तो बदलणं. प्रामाणिक ठेकेदारावरही विश्वास उडतो तो बहुधा याच वाढीव कामांपायी. वाढीव काम निघालं की आधी फोन, मग व्हॉट्सॲपवर फोटो आणि रक्कम, मालकाचा होकार आला की मगच हातोडा. भाव मध्येच बदलले तर तेही सांगावं. २२ सप्टेंबर २०२५ पासून सिमेंटवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. अंगावर घेतलेलं काम त्या दिवसांत चालू असेल, तर गिऱ्हाईक विचारण्याआधी बिलातला फरक दाखवणं हेच शहाणपणाचं. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये घरबांधणी ही ‘सेवा’ मानलेली आहे, म्हणजे सदोष कामाची तक्रार जिल्हा आयोगापुढे जाऊ शकते. लेखी कागद अशा वेळी दोघांनाही आधार देतो.

हप्ते पिकाच्या गतीने ठरवावेत. शहरातल्या नोकरदाराला महिन्याच्या एक तारखेचा हिशेब जमतो. इथल्या शेतकऱ्याचा पैसा वेगळ्या दिवशी येतो. ऊस घातल्यावर १४ दिवसांत एफआरपीची, म्हणजे सरकारने ठरवलेल्या किमान दराची, रक्कम द्यावी असा नियम आहे. विघ्नहर किंवा भीमाशंकर कारखान्याला कोणाचा ऊस कधी तुटणार हे मालकाला अंदाजाने माहीत असतं. सातगाव पठारावर पावसाळी बटाटा निघतो तेव्हा तिथे पैसा खेळतो. द्राक्षवाल्याचा हात मार्चनंतर मोकळा होतो. टोमॅटोचा भरवसा नसतो, भाव आठवड्यात पालटतो. ‘शेठ, चौकट बसली की एक हप्ता, स्लॅबच्या आदल्या दिवशी दुसरा, आणि तिसरा तुमचं उसाचं बिल आलं की’ असं बोलणारा ठेकेदार मालकाचं वर्ष ओळखतो. मात्र स्वतःच्या मजुरांचा शनिवारचा पगार अडेल इतकी उधारी त्याने करू नये. माल आणायला पैसे नसताना मजूर बसवून ठेवले, की दोन्हीकडे तोंड लपवायची पाळी येते.

मुंबईकर मालकाचं काम ही इथली खास बाब. या तालुक्यांतली हजारो कुटुंबं मुंबईत आहेत. मुंबईच्या डबेवाल्यांत खेड, मावळ, मुळशी, आंबेगाव आणि जुन्नर या भागांतली माणसं बहुसंख्य. महादू हावजी बच्चे यांनी १८९० साली ही सेवा सुरू केली असं मानतात. डबेवाल्याचा धंदा कसा चालतो हे पाहिलं तर ठेकेदाराला शिकायला मिळेल: ठरलेल्या घरी ठरलेल्या वेळी तोच ओळखीचा चेहरा, सुट्टी असेल तर आधी निरोप, आणि नवा गडी घ्यायचा तर बहुधा आपल्याच गावातला, नात्यातला, ज्याची हमी कोणीतरी घेईल असा. अशी शिस्त स्वतः पाळणारा माणूस गावचं घर बांधायला काढतो, तेव्हा तो ठेकेदाराकडूनही तिचीच अपेक्षा करतो.

त्याला कामाची जागा दिसत नाही. म्हणून रोज संध्याकाळी ठरलेल्या वेळी चार फोटो पाठवावेत. त्यांत झाकलं जाणारं काम आधी हवं: पायाची खोली टेप लावून, स्लॅबचं स्टील जोडून झाल्यावर, भिंतीत गाडण्याआधी पाइपांची आणि वायरींची जागा. गिलावा झाल्यावर पाठवलेला सुंदर भिंतीचा फोटो त्याला काही सांगत नाही. पाइपांचे फोटो पुढे दहा वर्षांनी खिळा ठोकतानाही उपयोगी पडतात. ते सगळे एकत्र करून काम संपताना द्यावेत. आणि गावात राहणाऱ्या त्याच्या आईला किंवा चुलत्याला रोज एक फेरी दाखवावी, कारण मुंबईत फोन करून ‘काम चांगलं चाललंय’ हे तेच सांगणार असतात.

काम चालू असताना घर ठेकेदाराच्या ताब्यात असतं. त्या दिवसांत त्याचा बोलबाला होतो किंवा बदनामी होते. बाहेरगावची माणसं कामावर असतील तर पहिल्या दिवशी त्यांची नावं सांगून घरच्यांशी ओळख करून द्यावी. घरात एकटी बाई असताना अनोळखी माणूस ड्रिल घेऊन दारात उभा राहू नये. संध्याकाळी जाताना खिळे-तारा वेचाव्यात, कारण अंगणात मुलं अनवाणी फिरतात. येणार नसाल तर सकाळी सातच्या आत फोन करावा. जत्रेच्या दिवशी काम बंद राहील हे आधीच धरावं. ओतूरच्या कपर्दिकेश्वराच्या यात्रेसाठी श्रावणी सोमवारी मजूर येणार नाहीत हे माहीत असूनही त्या आठवड्यात स्लॅब ठरवणं हा हलगर्जीपणा आहे.

स्लॅबला पाणी मारण्याचं काम गावात बहुधा घरच्यांकडे जातं, आणि तिथे घोळ होतो. पीपीसी सिमेंटला मानकाप्रमाणे किमान १० दिवस ओलावा लागतो. ‘पाणी मारा हं’ एवढं सांगून निघू नये. सिमेंटच्या मसाल्याने गच्चीवर वाफे कसे घालायचे हे करून दाखवावं, त्यांत पाणी आटू द्यायचं नाही हे सांगावं, आणि ती जबाबदारी घरात कोणी घेतली आहे त्याचं नाव विचारावं. पुढचे दहा दिवस त्याच माणसाला फोन करावा.

मजुरांशी वागणूक गिऱ्हाईक बारकाईने बघतं. वर्षात ९० दिवस बांधकामावर राबलेल्या १८ ते ६० वयाच्या कामगाराला महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी करता येते. त्यासाठी ९० दिवसांचा दाखला लागतो आणि तो ठेकेदार देऊ शकतो. मुलांच्या शिक्षणाला, आजारपणाला त्यातून मदत मिळते. ज्याचे गवंडी आणि बिगारी वर्षानुवर्षं तेच राहतात, त्याच्या कामाची प्रत सारखी राहते.

वास्तुशांतीला मिस्त्रीचा मान असतो. टॉवेल-टोपी किंवा पूर्ण पोशाख होतो, भावकी जमलेली असते, पाहुणे खोल्याखोल्यांतून हिंडतात आणि ‘कोणी केलं काम?’ हे विचारतात. त्या दिवशी ठेकेदाराने आपल्या माणसांसह जरूर जावं, जेवावं आणि कार्डं वाटत फिरू नये. घर बोलत असतं तेव्हा त्याने गप्प राहिलेलं चांगलं. कोणी नंबर मागितला तर मालकाकडून घ्यायला सांगावं, म्हणजे नंबराबरोबर मालकाचा शब्दही जातो. अमेरिकेत १९९५ साली ओहायोतल्या कोलंबस शहरात अँजी हिक्स या तरुणीने दारोदार हिंडून सभासद जमवले आणि घरकाम करणाऱ्या चांगल्या कारागिरांची, गिऱ्हाइकांच्याच अनुभवावर आधारलेली यादी उभी केली. पुढे त्या यादीचा मोठा उद्योग झाला. शेजाऱ्याने आपला अनुभव सांगितला की त्याला वजन येतं, हे तिथेही तसंच होतं. आपल्याकडे ही यादी वास्तुशांतीच्या पंगतीत आणि बेल्ह्याच्या सोमवारच्या बाजारात तोंडी चालू असते.

आणि मग जून. पहिला दणकून पाऊस झाला की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्या वर्षी केलेल्या प्रत्येक घरी फेरी मारायची. कोणी बोलावलेलं नसताना. गच्चीवर जायचं, पन्हळीत अडकलेला पाला काढायचा, पॅरापेटचा सांधा बघायचा, आतल्या छताला हात लावायचा. थेंब दिसला तर ‘उघडीप मिळाली की येऊन करून देतो’ म्हणून तारीख द्यायची आणि पाळायची. गळती असेल तर तिला तोंड देणं अवघड वाटतं, म्हणून बरेच जण पावसाळ्यात त्या गल्लीतून जायचंही टाळतात. मालक बाकीची हयगय पुढेमागे पोटात घालतो. हे टाळणं मात्र लक्षात ठेवतो. दहा घरांच्या फेरीला एक दिवस आणि थोडं पेट्रोल लागतं. पुढच्या चैत्रातली कामं त्या फेरीतून निघतात, कारण चहा पिताना मालकच सांगतो की मेव्हण्याच्या घराचं काढायचं आहे.

घरोब्याचे धोकेही आहेत. ओळखीतून एप्रिलमध्ये सगळ्यांनाच ‘हो’ म्हटलं जातं आणि मेअखेर पाच घरं उघडी पडलेली असतात. एका घराच्या उचलीतून दुसऱ्या घरचं सिमेंट आणलं, की एक हप्ता लांबला तरी पाचही कामं अडतात. त्यापेक्षा ‘नाना, तुमचं दिवाळीनंतर घेतो, तोवर गळतीपुरता ताडपत्रीचा बंदोबस्त करून देतो’ हे बोलणं सोपं आहे. भावकीतल्या सामाईक भिंतीचं काम असेल तर दोन्ही भावांना एकत्र बसवून मगच हात लावावा. एकाच्या सांगण्यावरून भिंतीला छिन्नी लावली, की ठेकेदार त्यांच्या भांडणात पक्षकार होतो. कोणाकडून हातउसने घेऊ नयेत, कोणाच्या घरातली गोष्ट दुसऱ्याच्या ओसरीवर सांगू नये.

सर्वांत कठीण असतो नकार. जुन्नर शहरात आणि जुन्या गावठाणांत मातीच्या, चुन्याच्या भिंतींचे वाडे अजून नांदते आहेत. मालकाची इच्छा असते की मधली भिंत काढून मोठा हॉल करावा, वर एक स्लॅब चढवावा, आणि मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा मारून टाकावा. त्या भिंतीवर तुळई टेकलेली असेल तर ती काढता येणार नाही. दगड-मातीच्या जुन्या जोत्यावर नवा मजला तपासणीशिवाय चढवता येणार नाही. आणि मातीच्या भिंतीवर सिमेंट थापलं तर आतली ओल कोंडते, दोन-चार पावसाळ्यांत गिलावा ढलप्यांनी सुटतो. तिथे चुन्याचा गिलावाच हवा. हे सांगितल्यावर मालक नाराज होईल, ‘दुसरा करायला तयार आहे’ म्हणेल, कदाचित काम जाईलही. तरी सांगावं, आणि तोंडी सांगून थांबू नये. कोणती भिंत, तिच्यावर काय टेकलंय, ती काढली तर काय होईल, हे आकृतीसह लिहून द्यावं. तालुक्यातल्या जाणत्या स्ट्रक्चरल इंजिनिअरचं नाव सुचवावं, तपासणीच्या दिवशी स्वतः हजर राहावं, आणि त्याच्या अहवालातून जे निघेल, मग ते तुळईला टेकू देणं असो, लोखंडी गर्डर घालणं असो की नुसती कौलं परतणं, त्याचं वेगळं अंदाजपत्रक आठवड्याच्या आत मालकाच्या हातात द्यावं.